बिनबाह्यांचा टॉप

आमच्या घरात उन्हाळा आला की सगळ्यांत आधी माझ्या बाह्या लांब व्हायच्या. थंडीत माझ्याकडे कोणाचं लक्ष नसे, स्वेटर-शालीत सगळेच सारखे झाकलेले. पण होळी आटोपली, बाबांनी कूलर गच्चीवरून खाली आणून त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या आणि सगळं नागपूर अंगावरचे कपडे कमी करायला लागलं, की आई माझे ब्लाउज घेऊन बसायची. बाही मनगटापर्यंत आहे ना, गळ्याचं वरचं बटन शाबूत आहे ना, कापड आरपार दिसत तर नाही ना, हे ती एकेक ब्लाउज खिडकीच्या उजेडात धरून पाहायची. टेरिकॉटचे होते ते. ज्याने मे महिन्यात नागपुरात टेरिकॉटच्या पूर्ण बाह्या घातल्या नाहीत, त्याने मला गरमीविषयी काही सांगू नये. कूलर पुढच्या खोलीत असे, पुढच्या खोलीत पाहुणे येत, आणि पाहुणे येत म्हणून मी मागच्या खोलीत. मला कूलरचा आवाज तेवढा यायचा, हवा यायची नाही.

कारण साधं होतं. शाळेत असताना माझ्या उजव्या कोपराजवळ एक पांढरा ठिपका उठला, मग दंडावर, मग दुसऱ्या हातावर, पाठीवर, गळ्याखाली. कोड. आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. आई नुसतं ‘ते’ म्हणायची. “ते वाढलं का वं?” “ते झाक.” चेहऱ्यावर काही आलं नाही, याबद्दल ती दर सोमवारी महादेवाला बेल वाहायची आणि तेही मला ऐकवून. कोणीतरी तिला बावचीच्या तेलाचा उपाय सांगितला होता. ते तेल लावून ती मला भर दुपारी गच्चीवर उभी करायची, हात पुढे करून, उन्हात. डागांवर फोड यायचे, फुटायचे, त्यावर पुन्हा तेल. खाली आले की लगेच लांब बाह्या, त्या फोडांना चिकटायच्या. आंबट बंद होतं. आंबाडीची भाजी बंद, कढी बंद, आणि संत्री बंद. नागपुरात राहून संत्री बंद! हिवाळ्यात बाबा सायकलला पिशवी अडकवून संत्री आणायचे, सगळे पुढच्या खोलीत सालं काढत बसायचे आणि तो वास घरभर फिरायचा. माझी धाकटी बहीण मीना कधीतरी दोन फोडी पदराखाली लपवून आणायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या हातावर ठेवायची. “लवकर खाय ताई, आई पाहून राहिली.” त्या फोडींसाठी मी मीनाला पुष्कळ काही माफ करून ठेवलं होतं, तिने काही करायच्याही आधी.

फार पुढे एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की हे कोणाला लागत नाही, ह्याने जीवही जात नाही. मी त्यांना म्हटलं, माझ्या आईला हे तुमच्याआधी माहीत होतं. ती माझं उष्टं खायची, माझ्या शेजारी झोपायची, माझ्या केसांना तेल लावायची. लागण्याची भीती तिला नव्हतीच. भीती लोकांची होती आणि लोकांपेक्षा जास्त मीनाच्या लग्नाची. मीनाला आलेलं एक चांगलं स्थळ एकदा मोडलं होतं. पाहुणे जायला निघाले आणि मी मागच्या अंगणात बाह्या वर करून भांडी घासत होते, मुलाच्या मामाने पाहिलं. पोहे खाऊन, चहा पिऊन, हसतमुखाने गेलेली माणसं परत आली नाहीत. त्या रात्री आईने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, “तुह्यं तं झालंच नाही काही. आता तिचंबी नोको होऊ देऊ.” बाबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मला विणायला शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी शिकवलं. नागपुरातच सदरला राहायच्या, एकट्या, आणि मुलींना टाके शिकवताना डोक्यावर टपली मारायच्या. क्रोशाची सुई त्यांनीच माझ्या हातात दिली. साखळी, खांब, मुका खांब, एवढं आलं की सगळं येतं म्हणाल्या, आणि ते खरं निघालं. मागच्या खोलीत बसून करण्यासारखं हे एकच काम होतं, त्यामुळे माझा हात वेगाने बसला. मग नातेवाइकांना माझा शोध लागला. आमच्याकडे लग्नात रुखवत मांडतात, नवरीने स्वतः केलेल्या वस्तू, टेबलावर ओळीने, प्रत्येकीवर नवरीच्या नावाची चिठ्ठी. चुलतबहिणी, मामेबहिणी, आत्येबहिणी, सगळ्यांची रुखवतं मी विणली. टेबलक्लॉथ, तोरणं, ताटांवरचे रुमाल, आणि शोभेच्या उभ्या वस्तू, हंस, परडी, कलश. उभ्या वस्तू उभ्या राहाव्यात म्हणून त्या साखरेच्या दाट पाण्यात बुडवायच्या, पिळायच्या, वाटीवर नाहीतर तांब्यावर चढवून पंख्याखाली वाळवायच्या. वाळल्या की टणक होतात, टिचकी मारली तर वाजतात. मुंग्या मात्र येतात, म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. ज्या बहिणींना साखळी घालता येत नव्हती त्यांच्या सासूंनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं. त्या लग्नांना मला कधी नेलं नाही. घर राखायला कोणीतरी लागतंच, म्हणायचे.

टॉपची कल्पना मला एका गोधडीवरून सुचली. गोधडी म्हणजे लोकरीची, शिवणाच्या बाईंच्या पलंगावर असायची, रंगीत चौकोन विणून एकमेकांना जोडलेले. मधोमध एक लहान कडं, त्यात खांबांचे झुबके, दर फेरीला नवा रंग, कोपरे वळवत चौकोन वाढवायचा. परवा आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीने मोबाइलवर मला तसाच टॉप दाखवला, ऑनलाइन मागवलेला, आणि ह्याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात आजी, असं शिकवलं. आम्ही चौकट म्हणायचो. मी मनात म्हटलं, बाई गं, ही तुझी आजी हे करत होती तेव्हा ती आजी नव्हती आणि आजही कोणाची आजी नाही. असो. लोकरीची चौकट ऊब धरते, पण तीच चौकट बारीक सुती दोऱ्याने सैल विणली तर? मी एक करून पाहिली आणि तोंडासमोर धरून फुंकर मारली. पलीकडे हवा गेली. त्या दिवशी मला हसू आवरेना. आई विचारत होती, “काय झालं वं कुसुम?” आणि मला सांगता येईना की मी काय शोधून काढलं आहे.

दोरा घरातच होता. सगळ्यांच्या रुखवतांतून उरलेले लहानलहान गोळे मी एका डब्यात ठेवले होते. मोठ्या मामेबहिणीचा अबोली, आत्येबहिणीचा मोरपंखी, कोणाचा पिस्ता, कोणाचा नुसताच पांढरा. त्या सगळ्यांच्या शेपटांतून मी माझा टॉप विणला. गळा मोकळा ठेवला. कडेने शिंपल्यांची झालर घातली. आणि बाह्या ठेवल्या नाहीत. हे मी विसरले नाही, दोराही संपला नव्हता. मला तो घालून एकदा, एकदाच, भर उन्हात पुढच्या दाराने बाहेर जायचं होतं, हात उघडे टाकून, रस्त्याने. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. कोणी पाहिलं तर पाहू दे. पाहिलंच पाहिजे, असं माझं म्हणणं होतं. आठवडाभर मी हा विचार खात होते, पीत होते.

पहिल्यांदा घातला तो न्हाणीघरात. आत शमीज, वर टॉप. दंडांना हवा लागली आणि मी तिथेच पाटावर बसून राहिले. दार वाजलं, मी घाबरले, पण मीना होती. तिला आत घेतलं. तिने मला फिरवून फिरवून पाहिलं. माझ्या हातांकडेही पाहिलं, सरळ, डोळे न चोरता. “ताई, किती सुंदर दिसून राहिली वं तू,” म्हणाली. तिच्याच तोंडून मी हे ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच उन्हाळ्यात मीनाला भिलाईचं स्थळ आलं. मुलगा तिकडे नोकरीत, माणसं तीन पिढ्यांपूर्वी छत्तीसगडात गेलेली, इथे त्यांचं फारसं कोणी नाही. आईने एवढंच पाहिलं, लांबचे आहेत. त्यांना सांगितलं की आम्हाला एकच मुलगी. मीना त्यांच्यासमोर बसली तेव्हा मी शेजारच्या काकूंकडे होते, आणि काकूंनी मला टरबूज दिलं, मेहेरबानी म्हणून. स्थळ ठरलं. कार्यालय घेतलं तेही आईने डोकं चालवून घेतलं. आम्ही नंदनवन वस्तीत राहायचो आणि कार्यालय ठरवलं वाडीला, अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोदामांच्या मधे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. शेजारपाजारच्यांना तिकडे जाणं गैरसोयीचं. नातेवाइकांना सगळं ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून गप्प बसले. मला वाटलं होतं ह्याही लग्नात मी घर राखणार. पण मांडामांड करायला, पुडाच्या वड्या तळायला, वडाभाताचा मसाला करायला आईला हात हवे होते, आणि फुकटचे हात माझेच. म्हणून मला न्यायचं ठरलं, गावाकडची स्वयंपाकाची बाई म्हणून. हे मला सांगताना आई भाजी निवडत होती. “कोणी विचारलं तं खाली पाय आणि कामाले लाग,” म्हणाली. मी मीनाकडे पाहिलं. ती बांगड्यांची मापं लावून पाहत होती, म्हणाली, “एका दिवसाचा तं प्रश्न आहे ताई.”

लग्नाच्या दोन दिवस आधी मी बाजारातून आले तर गॅसवर मोठं पातेलं. मला वाटलं गुलाबजामचा पाक. झाकण काढलं तर पाकात माझा टॉप. अबोली, मोरपंखी, सगळे रंग त्या चिकट पाण्यात बुडून बसले होते. आई मागे उभी होती.

“रुखवतात मधात मांडायले काही मोठं पाह्यजे होतं,” ती म्हणाली. “हंस नि परड्या तं सगळेच मांडतात.”

“तो मला घालायचा आहे.”

“घालून कुठं जाशीन?”

“बाहेर.”

“या हातांनी?” असं म्हणून तिने मला चिमटा दिला, स्वयंपाकाचा, पातेलं उतरवायचा. “पीळ नीट. तुह्यासारखा हात बसत नाही माहा. नि आकार धरला पाह्यजे.”

आणि मी पिळला. मीच पिळला, मीच पाटावर पसरला, खांदे सरळ केले, झालरीचा एकेक शिंपला बोटांनी उघडला, कारण काम वाईट झालेलं मला सोसत नाही, माझ्यावर कोणी सुरी चालवत असलं तरी मी ती आधी धार लावून देईन अशी माझी जात. सकाळपर्यंत तो फळीसारखा ताठ झाला. आईने त्याच्यावर चिठ्ठी लावली, मीनाच्या नावाची, भोवती सोनेरी कागदाची पट्टी.

लग्नाच्या दिवशी नवतपा सुरू होता, मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. कार्यालयाचे पत्रे तापले होते, पंखे गरम हवा फिरवत होते, आणि बाहेरून गोदामांतल्या पोत्यांचा वास येत होता. मी पहाटेपासून भट्टीजवळ. लांब बाह्या घामाने मनगटापर्यंत भिजल्या, सुकल्या, पुन्हा भिजल्या. मंगलाष्टकं मी स्वयंपाकघरातून ऐकली, पुरी तळताना. अक्षता पडल्या तेव्हा हात वर करून मी माझ्याही चार अक्षता भिंतीवर टाकल्या. हे लिहायचं नव्हतं, पण टाकल्या होत्या म्हणून लिहिते.

पंगती सुरू झाल्या. भिलाईच्या बायका रुखवताभोवती जमल्या. विहीणबाई मोठ्या आवाजाच्या, हिंदी मिसळून बोलायच्या. टॉपला हात लावून म्हणाल्या, “देखो, देखो, काय हात आहे सुनेचा! एवढी बारीक जाळी! मी तर म्हणते घरी जाऊन एक माझ्या पोरीसाठी करून दे.” मीना लाजून हसली. तेवढ्यात मीनाच्या नणंदेने, टॉप जिच्यासाठी करायचा होता तिने, माझ्याकडे वळून पाणी मागितलं. मी ग्लास पुढे केला. हात वर केला तशी ओली बाही सरकली. मनगटाच्या वर जे होतं ते तिला दिसलं. तिने हात मागे घेतला, ग्लास खाली पडला, आणि ती मीनाला म्हणाली, “भाभी, ही कोण आहे तुमची?”

आई तिथे नव्हती. बाबाही नव्हते. मीनाला कोणी डोळे दाखवत नव्हतं. ती एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला खरोखर वाटलं की ही आता काही बोलणार नाही, नुसती गप्प राहील. तेवढंच पुरलं असतं मला.

“आमची नाही ती,” मीना म्हणाली. “स्वयंपाकाले आहे. तिच्या हातचं नका घेऊ ताई, मी दुसरं मागवते.”

‘ताई’ तिने नणंदेला म्हटलं. मी ग्लास उचलला, सांडलेलं पुसलं आणि स्वयंपाकघरात गेले. रडले वगैरे नाही. आचारी जेवायला बसले होते. मी थोडा वेळ पुऱ्यांच्या टोपलीकडे पाहत उभी राहिले आणि मग डोकं एकदम स्वच्छ झालं. आता लग्न लागून गेलं होतं. मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. रुखवताजवळच्या बायका पंगतीला बसायला गेल्या तशी मी गेले आणि टॉप उचलला. चिठ्ठी तिथेच ठेवली. मागे नळाखाली बादली भरली आणि तो पाण्यात बुडवला. साखरच ती, तिला पाणी पुरतं. दोन-तीनदा पाणी बदललं, हळूहळू चोळलं, आणि ते ताठ फळकूट माझ्या हातात पुन्हा मऊ झालं. मी पोत्यांच्या आडोशाला जाऊन तो टेरिकॉटचा ब्लाउज काढला, शमीजवर ओला टॉप घातला, पदर कमरेला खोचला. तो गारवा! पहाटेपासून भाजलेल्या अंगावर तो गारवा इतका गोड लागला की मी डोळे मिटले. असा आनंद मला पुढे क्वचितच झाला आहे.

मागच्या दाराने जाता आलं असतं. ते दार तीन पावलांवर होतं, आणि मागच्या दारांची मला चांगली सवय होती. पण मी पुढच्या दाराकडे निघाले, म्हणजे पंगतींच्या मधून, सगळ्यांच्या समोरून. टॉपमधून पाणी ठिबकत होतं. माझे हात खांद्यापासून बोटांपर्यंत उघडे होते, पांढरे आणि सावळे, जसे आहेत तसे. आधी आमच्या नातेवाइकांनी पाहिलं. मामीचा घास हातात राहिला. काकू पानाकडे पाहायला लागल्या. मग भिलाईवाल्यांनी पाहिलं, पण त्यांना माझे हात नंतर दिसले, आधी टॉप दिसला.

“अरे! हा तर सुनेचा आहे!” विहीणबाई ताटावरून उठल्या, उष्ट्या हाताने, आणि दुसऱ्या हाताने माझ्या टॉपचं टोक पकडलं. “रुखवतातला! चोर आहे ही! कोणी दरवाजा बंद करा रे! लग्नघरात चोरी करते, वर अंगावर घालून फिरते! उतार, इथेच उतार!”

सगळं कार्यालय थांबलं. आई वाढपाची पळी घेऊन धावत आली. बाबा नवरदेवाच्या वडिलांजवळ बसले होते, ते आपल्या बुटांकडे पाहत राहिले. विहीणबाई ओढत होत्या आणि खांद्याजवळची एक चौकट ताणली जात होती. मला त्या टाक्याचीच काळजी वाटत होती. माणूस कशाची काळजी करेल सांगता येत नाही.

मीना पुढे आली. हिरवा चुडा, मुंडावळ्या, गळ्यात नवं मंगळसूत्र. विहीणबाईंच्या हाताला हळूच हात लावला आणि म्हणाली, “राहू द्या ना आई. तिनं चोरला नाही. मीच देऊन टाकला तिले.”

“देऊन टाकला? एवढा चांगला?”

“हो. गरीब आहे बिचारी.”

माझ्या हातचा, माझ्या डब्यातल्या दोऱ्याचा, माझ्या मापाचा टॉप माझ्या बहिणीने मला दान दिला. भिलाईच्या दोन-तीन बायका ‘वा’ म्हणाल्या. किती मोठ्या मनाची सून मिळाली, असं कोणीतरी बोललं. विहीणबाईंचा चेहरा निवळला, पण टोक त्यांनी अजून सोडलं नव्हतं. आणि आईला तेवढ्यात वाट दिसली. माझ्या आईइतकी पटकन वाट शोधणारी बाई मी पाहिली नाही. तिने पळी माझ्या दिशेने हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “उभी काय राह्यली वं? एवढं दिलं तिनं तुले. पाया पड तिच्या.”

मीना पदर सावरून उभी राहिली. पाय तिने जरासे पुढे केले. मेंदीचे पाय. खरंच पुढे केले, मी पाहिलं.

“लहान बहिणीच्या पाया पडत नसतात, आई,” मी म्हटलं.

मोठ्याने नाही म्हटलं. पण पंगतीत कोणी जेवत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. विहीणबाईंनी आधी आईकडे पाहिलं, मग मीनाकडे, मग माझ्या हातांकडे, आता पहिल्यांदा नीट. टॉपचं टोक त्यांच्या हातातून सुटलं. तो हात त्यांनी आपल्या शालूला पुसला, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

मीनाचा संसार मोडला नाही, हे सांगून टाकते, कारण ही गोष्ट ऐकणाऱ्यांना पहिली काळजी तीच वाटते. माझं काय झालं, हे कोणी विचारत नाही. तिला त्याच संध्याकाळी भिलाईला नेलं, माहेरी मात्र कधी धाडलं नाही. आई मरेपर्यंत म्हणत राहिली की तू माझ्या दोन्ही पोरी नेल्या. मी तो दोष घेतला नाही. मी त्या दिवशी सदरला शिवणाच्या बाईंकडे गेले, त्यांनी दार उघडलं, टॉप पाहिला आणि डोक्यावर टपली मारून म्हणाल्या, खांद्याचा टाका ताणला आहेस. पण ते संध्याकाळी.

त्याआधी मी पुढच्या दाराने बाहेर आले. ज्यासाठी मी तो टॉप विणला, बाह्या ठेवल्या नाहीत, तो रस्ता समोर होता. अमरावती रोड, नवतप्यातली दुपार. डांबर चिकटत होतं. ट्रक एका ओळीत उभे होते आणि ड्रायव्हर-क्लीनर ट्रकांच्या खाली चटया टाकून, तोंडावर गमछे ओढून झोपले होते. गोदामांची शटरं खाली होती. पानठेल्यावर गोणपाट टाकलेलं. मी हात उघडे टाकून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, आणि नजर जाईल तिथवर मला पाहायला एकही माणूस जागा नव्हता.